एकाच टबातल्या तीन मुठी

मूठकाकांनी ट्रॉलीतली मक्याची बारीक कुट्टी उजव्या हातात घेतली, मूठ आवळली, डोळे मिटले आणि मनातल्या मनात तीसपर्यंत आकडे मोजले. मग मूठ उघडली. चाऱ्याचा गोळा तळहातावर क्षणभर तसाच बसून राहिला आणि मग सावकाश सुटत गेला. तळहात ओलसर झाला होता, पण थेंब नव्हता.

"झालंय," ते म्हणाले. "लावा यंत्र."

कापणीयंत्रवाल्याने लगेच विडी विझवली. आजूबाजूच्या सगळ्या शेतांत मुरघास घालायचा तो मूठकाकांच्या शब्दावर, हे त्याला पाठ होतं. हिरवा मका बारीक कापायचा, खड्ड्यात भरायचा, ट्रॅक्टर फिरवून फिरवून दाबायचा आणि हवा जाणार नाही असा झाकून टाकायचा. दोनेक महिन्यांत तो आंबूस होतो आणि पुढं हिरवा चारा मिळेनासा झाला की गायी त्यावर निभावतात. दाबणं, झाकणं कुणालाही शिकवता येतं. खरी ग्यानबाची मेख कापायच्या दिवसात. मक्यात पाणी जास्त असताना कापला तर खड्ड्यात सडून चिखल होतो, फार वाळल्यावर कापला तर दबत नाही आणि बुरशी धरतो. तो मधला नेमका दिवस मूठकाकांच्या मुठीला कळायचा. थेंब गळाला तर थांबा, गोळा लगेच विस्कटला तर उशीर झाला, सावकाश सुटला तर आजच. बावीस वर्षं हे चाललं होतं आणि माणसाचं खरं नाव लोक कधीच विसरून गेले होते.

पण आज ट्रॉलीजवळ उभी असलेली त्यांची लेक जागची हलली नाही. तिच्या हातात एक कणीस होतं. तिने ते मधोमध मोडलं आणि दाण्यात नख खुपसलं. पांढरं दूध तिच्या अंगठ्यावर उडालं.

"बाबा, दाणा अजून दुधात आहे."

"असू दे की. दाणा म्हणजे काय सगळं ताट आहे का? ताटाचं, पानांचं सगळ्याचं मिळून पाणी बघायचं असतं. ते मूठ सांगते."

"मूठ गेल्या वर्षीही सांगत होती."

यंत्रवाल्याने विझलेली विडी पुन्हा तोंडात धरली आणि नजर भलतीकडे वळवली. मूठकाकांचा चेहरा उतरला. गेल्या वर्षीचा विषय या घरात कुणी काढत नसे. गेल्या वर्षी याच खड्ड्यावरचा कागद उचलला तेव्हा असा वास सुटला होता की गायींनी दावणीतून मान फिरवली. आत काळपट, बुळबुळीत लगदा. दोन गायी आजारी पडल्या, आणि चाराच नाही म्हणून तीन विकाव्या लागल्या. त्याआधीच्या वर्षी अर्धा खड्डा गेला होता. तेव्हा मूठकाकांनी बियाण्याला दोष दिला. गेल्या वर्षी प्लास्टिकच्या कागदाला दिला, मग उंदरांना दिला, आणि उंदीरही पुरेना तेव्हा हवामानाला दिला. आता गोठ्यात अकरा गायी उरल्या होत्या. जावई दुधाची गाडी चालवायचा, मुळात कमी बोलणारा माणूस. पण त्यानेही या वेळी स्पष्ट सांगून टाकलं होतं, की खड्डा पुन्हा गेला तर उरलेल्या गायी देऊन टाकू आणि गोठ्याला कुलूप लावू. लेकीने तो गोठा तीन गायींपासून वाढवला होता. तिला रात्री झोप लागत नव्हती, हे तिच्या डोळ्यांवरून कुणालाही दिसलं असतं.

"तीन वर्षांपूर्वी आपण पेरल्यापासून पंचाण्णवाव्या दिवशी कापला," ती म्हणाली. "मग एकोणनव्वद. गेल्या वर्षी पंच्याऐंशी. आज एक्क्याऐंशीवा दिवस आहे. मका दरवर्षी लवकर कसा काय तयार होतो, बाबा?"

"ऊन वाढलंय. बी बदललंय. मी काय त्याला सांगायला गेलो होतो का, लवकर ये म्हणून?"

"मला एक तास द्या. तासाभराने तुम्ही म्हणाल तसं."

तिने टबात कुट्टी भरून घेतली आणि घराकडे चालू लागली. यंत्रवाल्याने खांदे उडवले. नमुन्यापुरत्या चार ओळी कापून यंत्र उभं होतं आणि बाकीचा मका तसाच वाऱ्यावर सळसळत होता. मूठकाका थोडा वेळ तिथंच उभे राहिले. मग त्यांनाही राहवेना, तेही तिच्या मागोमाग निघाले.

स्वयंपाकघरात मूठकाकांची बायको शेंगा निवडत बसली होती. लेकीने काट्यावर बरोबर शंभर ग्रॅम कुट्टी तोलली, पसरट पातेल्यात टाकली आणि मंद आचेवर ठेवली. दूध संकलन केंद्रावर एकदा कसलंसं शिबिर झालं होतं, तिथं ती हे शिकली होती. करपू न देता हलवत राहायचं, तोलायचं, पुन्हा पातेल्यात टाकायचं. वजन उतरायचं थांबलं की जे उरलं तो चारा आणि जे उडालं ते पाणी.

"आता गायींना शिजवून घालायचं का?" मूठकाका म्हणाले. कुणी हसलं नाही.

पाऊण तास ती हलवत होती. मूठकाका खुर्चीवर बसत, उठत, पातेल्यात डोकावत, पुन्हा बसत. स्वतःवरच त्यांची चिडचिड होत होती, कारण पातेल्याशी आपला काही संबंध नाही असं म्हणता म्हणता ते आकड्याची वाट पाहत होते. शेवटी तिने तिसऱ्यांदा तोललं आणि काटा त्यांच्याकडे वळवला. तेवीस.

"तेवीस म्हणजे?"

"शंभरात सत्त्याहत्तर पाणी. निदान तीस-बत्तीस उरायला हवेत. हा ओला आहे, बाबा. चांगलाच ओला आहे."

"काटा बिघडलाय."

 लेकीने फळीवरची न फोडलेली किलोची साखरेची पिशवी काट्यावर ठेवली. काट्याने एक किलो आणि दोन ग्रॅम दाखवलं.

"साखरेचं बरोबर दाखवत असेल," मूठकाका म्हणाले, आणि आपण काय बोललो ते आपल्यालाच ऐकू आल्यावर गप्प बसले.

त्यांना खरंच काही उमजेना. हात खोटं सांगत नाही, हे ते बावीस वर्षं लोकांना सांगत आले होते. काटाही खोटं सांगत नव्हता, तेही डोळ्यांना दिसत होतं. मग एकाच चाऱ्यात पाणी आहे आणि नाही, असं कसं? कुठंतरी काहीतरी घोटाळा आहे, एवढंच त्यांच्या डोक्यात फिरत होतं. हिने ओळीच्या कडेचा, बांधाजवळचा मका तर उचलला नाही ना? तिथं पाटाचं पाणी मुरतं. हां, तसंच असणार. त्यांना एकदम हायसं वाटलं.

"चल," ते म्हणाले. "माझ्यासमोर माल मिसळ. वरचा, खालचा, कडेचा, सगळा. मग बघू."

शेतात येऊन लेकीने ट्रॉलीतून चार ठिकाणची कुट्टी टबात घेतली आणि पीठ कालवावं तशी वरखाली केली. यंत्रवालाही कंटाळला होता, तो टबाजवळ येऊन उभा राहिला.

"काका, मीही घेऊ का एक मूठ? इतकी वर्षं नुसतं बघतोय."

"घे. घे की. तुलाही कळू दे."

यंत्रवाल्याने मूठ भरली आणि आवळली. दहाही मोजून झाले नसतील, तोच त्याच्या बोटांतून पाणी निघालं आणि बुटावर टपटप पडलं. तो बुटाकडे बघत राहिला. मग लेकीने मूठ आवळली. तिच्या करंगळीखालून एक थेंब आला, मग दुसरा, मग तिसरा. मूठकाकांनी दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. त्यांनी बाही मागे सारली, त्याच टबातून, तिथूनच, मूठ भरली आणि दात आवळून दाबली. मानेची शीर फुगली. तीसच्या जागी साठ मोजले. उघडली तेव्हा गोळा होता, सावकाश सुटणारा, अगदी हवा तसा. तळहात ओलसर होता आणि थेंब नव्हता.

यंत्रवाल्याने ओला हात पँटला पुसला.

"माझा हात जरा जडच पडतो, काका," यंत्रवाला म्हणाला. "दिवसभर पान्हे फिरवायचे ना. माझं काही धरू नका."

"माझंही चुकलं असेल," लेक म्हणाली. "मी जरा जास्तच दाबलं."

मूठकाकांना ते दोघं खोटं बोलतायत हे कळलं, आणि आपल्याला सांभाळून घेतायत हेही कळलं. त्याने त्यांना जास्त लागलं. ते टबातली मूठभर कुट्टी घेऊन ट्रॉलीच्या पलीकडे गेले, जिथून कुणी दिसत नव्हतं. तिथं त्यांनी उजवी मूठ आवळली आणि तिच्यावर डावा हात धरून दोन्ही हातांनी जीव खाऊन दाबलं. पाणी आलं. मनगटावरून ओघळून बाहीत शिरलं.

ते बघत राहिले. हात तोच होता. तीच बोटं, तोच अंगठ्याजवळचा जुना वण. कुठं सूज नाही, दुखणं नाही. दुखलं असतं तर कळलं असतं. मग हे झालं कधी? बादल्या जड लागायच्या तेव्हा ते म्हणायचे, हल्ली कड्या बारीक करतात. दोर सैल सुटायचा तेव्हा म्हणायचे, हल्ली दोराला पीळ राहिला नाही. आपल्यालाच पीळ राहिला नाही, हे एकदाही मनात आलं नव्हतं. आणि आताही ते पुरतं पटत नव्हतं.

ते परत घरात आले, मोरीत गेले, हात धुतले आणि नळ बंद केला. बायको शेंगांची टोपली घेऊन आली, त्यांच्या बाजूने हात घालून तिने नळ आणखी एकदा फिरवला आणि टोपली खाली ठेवली.

"मी बंद केला होता," मूठकाका म्हणाले.

"हो."

"मग पुन्हा का फिरवलास?"

"गळतो ना."

"कधीपासून गळतो?"

"झाली असतील दोन-तीन वर्षं," ती शेंगा धूत म्हणाली. "तुम्ही बंद करता आणि तो गळत राहतो. मी येता-जाता आवळते. डब्यांची झाकणं पण मी तुमच्यासाठी अर्धवटच लावते."

"तीन वर्षं! आणि मला सांगायचं नाही?"

"नळाचं काय सांगायचं असतं, अहो? वय झालं की होतंच. माझे नाही का गुडघे गेले?"

तिच्या बोलण्यात काही वावगं नव्हतं. नळाचा आणि खड्ड्याचा काही संबंध असेल, हे तिच्या डोक्यात येण्याचं कारणच नव्हतं. पण मूठकाका तिथंच मोरीच्या कट्ट्यावर टेकले. तीन वर्षं. पंचाण्णव, एकोणनव्वद, पंच्याऐंशी, एक्क्याऐंशी. मका दरवर्षी लवकर येत नव्हता. त्यांच्या हाताला पाणी पिळून काढता येत नव्हतं, म्हणून तो दरवर्षी लवकर तयार झाल्यासारखा वाटत होता. बियाणं निर्दोष होतं. कागद निर्दोष होता. बिचारे उंदीरसुद्धा निर्दोष होते.

बाहेर लेकीचा आवाज आला. ती यंत्रवाल्याला पंधरा दिवसांनी यायला सांगत होती. तोवर ती रोज तोलून बघणार होती. मूठकाकांना लाज वाटली आणि त्याच वेळी बरंही वाटलं. निदान इथला खड्डा वाचला.

"बरं," यंत्रवाला म्हणाला. "मग मी तसाच पुढं थोरल्यांकडे जातो. त्यांचं काकांनी कालच पास केलंय. ते वाटच बघतायत."

मूठकाका ताडकन उठले.

थोरल्यांचं शेत मैलभर पलीकडे होतं. दोघं भाऊ मिळून ते कसायचे, म्हणून लोक त्यांना थोरले आणि धाकटा म्हणायचे. गेल्या वर्षी त्यांचाही खड्डा सडला होता. तेव्हा मूठकाकांना बोलावणं आलं. ते गेले, कोपरापर्यंत हात आत घातला, चिखल बाहेर काढला आणि जमलेल्या पाच-सहा जणांसमोर निकाल दिला, की मका बरोबर होता, दाबणाऱ्याने अंगचोरपणा केला, आत हवा राहिली. दाबणारा धाकटा होता. अंधार पडेपर्यंत मी ट्रॅक्टर फिरवत होतो, असं तो परोपरीने सांगत होता. पण मूठकाकांची मूठ एकीकडे आणि धाकट्याची शपथ दुसरीकडे, तिथं थोरल्यांनी मुठीवर विश्वास ठेवला. बोलण्यावरून बोलणं वाढलं. तू आयुष्यभर कामचुकार राहिलास, इथपर्यंत गेलं. धाकटा त्याच आठवड्यात बायकोमुलांना घेऊन दूरच्या शहरात गेला आणि एका गोदामात कामाला लागला. तेव्हापासून भावाभावांत एक शब्द नव्हता.

लेक दारात आली होती. तिने वडिलांकडे पाहिलं. तिलाही तेच आठवलं होतं.

"कदाचित त्यांचा मका खरंच तयार असेल," मूठकाका म्हणाले. "त्यांची जमीन हलकी आहे."

"असेल," लेक म्हणाली.

मूठकाका क्षणभर तिच्याकडे बघत राहिले. ती हो म्हणाली ते त्यांना बरं वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही. त्यांनी टोपी घातली आणि यंत्रवाल्याच्या शेजारी चढून बसले. वाटेत यंत्राच्या खडखडाटात बोलता येत नव्हतं, तेही बरंच होतं. काय सांगायचं याची ते मनात जुळणी करत होते आणि दर वळणावर ती विस्कटत होती. हात कमजोर झालाय, असं सांगावं? की शंका आहे एवढंच म्हणावं? गेल्या वर्षीचं बोलावं की नाही? नाही बोललं तर कुणाला कळणार होतं?

थोरल्यांनी जय्यत तयारी केली होती. खड्डा झाडून लख्ख केला होता, नवा कोरा कागद आणला होता, आणि एकाच्या जागी दोन ट्रॅक्टर उभे होते.

"या, काका," ते म्हणाले. "या वेळी दाबण्यात कसूर नाही. एक ट्रॅक्टर मी स्वतः चालवणार. दुसऱ्यावर कुणाचा भरवसा ठेवायचा नाही, हे एकदा शिकलोय."

 त्यांनी विळ्याने दोन ताटं कापली, बांधावरच्या ओंडक्यावर कणसासकट बारीक तोडली आणि थोरल्यांच्या पुढं केली.

"मूठ भर. आणि जोर लावून आवळ."

"मी? मला काय कळतंय त्यातलं?"

"आवळ म्हणतोय ना."

थोरल्यांनी आवळली. पाणी गळालं. त्यांनी हात झटकला, पुन्हा मूठ भरली, पुन्हा गळालं.

"म्हणजे? हा ओला आहे? काल तर तुम्ही..."

"काल माझा हात होता," मूठकाका म्हणाले. त्यांनी स्वतः मूठ भरून आवळली आणि कोरडी मूठ त्यांच्यासमोर उघडली. "बघ. माझ्या हातात जोर राहिला नाही. तीन वर्षं झाली, आणि मला ते आज कळलं. पंधरा दिवस थांब. माझी लेक येऊन तोलून सांगेल."

थोरले त्या मुठीकडे बघत राहिले. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, काहीच नव्हतं. ते काहीतरी जुळवत होते आणि ते जुळू नये असं त्यांना वाटत होतं.

"गेल्या वर्षीही हाच हात?"

"हाच."

"म्हणजे धाकट्याने दाबलं होतं?"

"दाबलं होतं," मूठकाका म्हणाले. "त्याने अंधार पडेपर्यंत दाबलं होतं. मी चार लोकांत त्याला खोटं पाडलं."

थोरले ट्रॅक्टरच्या चाकाला टेकले आणि तिथंच खाली बसले. यंत्रवाल्याने यंत्र बंद केलं.  मग थोरल्यांनी खिशातून फोन काढला, नंबर शोधला, तो लावला आणि फोन मूठकाकांच्या हातात दिला.

"तुम्हीच सांगा. माझ्याने नाही होणार."

घंटी वाजत होती. मूठकाकांना वाटलं, तो उचलणार नाही. न उचलला तर बरं, असंही वाटलं. तिसऱ्या घंटीला फोन उचलला गेला.

"दादा?" पलीकडून धाकट्याचा धापा टाकणारा आवाज आला. मागे कसल्याशा गाड्या ढकलल्याचा गोंगाट होता. "दादा, तूच ना? सगळं ठीक आहे ना? मी येऊ का? आत्ता निघू का?"

"अरे, मी मूठकाका," ते म्हणाले. "दादा बरा आहे. माझ्याजवळच बसलाय. तुझी चूक नव्हती, बाबा. मका ओला होता, आणि तो मी पास केला होता. तू नीट दाबलं होतंस."

पलीकडे नुसता गोंगाट ऐकू येत राहिला.

"हे दादाला सांगितलंत?" शेवटी धाकटा म्हणाला.

"सांगितलं."

"मग तो बोलत का नाही?"

मूठकाकांनी थोरल्यांकडे पाहिलं. थोरल्यांनी गुडघ्यांत तोंड खुपसलं होतं आणि त्यांचे खांदे हलत होते.  ते वाकले, फोन थोरल्यांच्या कानाला लावला आणि तसाच धरून उभे राहिले.